आठ मिलिमीटर

आठ मिलिमीटर.
याहून उंच नको, बुटकंही नको.
पहाटे पाचला गुडघे टेकून मी पट्टी लावते.
सत्तावीस वर्षं हेच.
गुडघे आता कुरकुरतात,
गवत अजून गप्प.

ट्रेंट नदीचा काठ, जूनचा पहिला आठवडा.
कोर्ट नंबर सात, पार कुंपणाकडचं.
इथवर कॅमेरा येत नाही.
येतात दोन निवृत्त पोस्टमन, थर्मास घेऊन,
आणि कबुतरं,
ज्यांना धाक दाखवायला एक पोरगा
मनगटावर ससाणा घेऊन फिरतो.

शनिवारी पात्रता फेरीत ती हरली.
रुमेना तोतेवा, प्लोवदिवची, वय एकतीस,
क्रमवारीत दोनशे अठरावी.
तिसरा सेट, टायब्रेक,
आणि एक चेंडू, जो उसळलाच नाही.
गवतावर चेंडू सरपटतो.
लाल मातीवर वाढलेल्या पोरींच्या डोक्याला हे कळतं,
गुडघ्यांना कळेस्तोवर विमानाची वेळ होते.
जाताना तिने माझ्याकडे असं पाहिलं
की जणू तिथला खड्डा मीच खणला होता.

नव्हता खणला.
पण रात्री झोपही लागली नाही.

रविवारी, सोमवारी, मंगळवारी
सकाळी दहाच्या आत ती रेफरीच्या टेबलावर सही करायची,
हरलेल्यांच्या यादीत, सगळ्यात वर,
आणि बाकावर बसायची
नाड्या घट्ट बांधून.
कुणाचा घोटा मुरगळला, कुणाचं पोट बिघडलं,
तर तिची पाळी.
अशा पोरीला इथे म्हणतात लकी लूजर.
यात लकी काय, मला कधी समजलं नाही.

"मी देव पाण्यात घातलेले नाहीत हं,"
सफरचंद चावत ती मला पटवून देत होती,
तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत.
"मग बूट का काढत नाहीस?"
"बुटांचं वेगळं."

पहिल्या फेरीत हरलं तरी पैसे मिळतात.
तेवढ्यात तारा येतात, दोन तिकिटं येतात,
प्रशिक्षकाची उधारी अर्धी फिटते.
तिने आकडा सांगितला नाही,
बोटांवर मोजताना दिसली.

मंगळवारी दुपारी पाऊस.
ताडपत्री ओढायला आम्ही अकरा जण;
बघते तर माझ्या दोरीवर बारावा हात.
खेळाडूंनी हात लावायचा नाही, रेफरी ओरडला.
तिला नेमकं त्याच क्षणी इंग्रजी येईनासं झालं.
ताडपत्रीखाली गवत उबट वास सोडतं,
गोठ्यासारखा. ती वाकून हुंगत राहिली.
म्हणाली, आजोबांच्या मेंढ्या.
एवढंच.

साडेचारला कुणाला तरी ताप चढला.
कुणाला, मी विचारलं नाही. तिनेही नाही.
नाव पुकारलं तेव्हा तिचा चेहरा
दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणाऱ्याचा.
मग रॅकेट घेतली, आणि तो चेहरा बाकावरच राहिला.

काय खेळली!
चेंडू कापायची, गवताला लावून,
आणि जाळीकडे धावायची,
दुधाला उतू येताना पाहिलेल्या बाईसारखी.
पोस्टमनांचा चहा गार झाला.
पहिला सेट तिचा.

मग अंधारलं.
बुधवारी सकाळी उरलेलं
बावीस मिनिटांत आटोपलं.
हात मिळवले, पिशवी उचलली, गेली.

सर्व्हिस करताना तिचा डावा पाय फरपटतो.
शेवटच्या रेषेमागे, मधल्या खुणेच्या जरा उजवीकडे,
एक चंद्रकोर उमटली, बोटभर खोल.
मधल्या कोर्टवर अशा खुणा टिकत नाहीत,
एकीवर दुसरी तुडवत जाते,
रविवारी अंतिम सामन्यानंतर
तिथे नुसती तपकिरी धूळ, आणि वर करंडक.
पण सातवर गुरुवारनंतर कुणी खेळत नाही.

सोमवारी मी बी टाकायला घेतलं.
सगळ्या कोर्टांना मोजून, वजन करून.
त्या कोरीत मूठभर जास्त पडलं.
मुद्दाम नाही.
हात म्हातारा झालाय, सांडतं.